वाढत्या अंगाचं

आषाढात लग्नं नसतात, कापड दुकानदार माश्या मारत बसतात, म्हणून आषाढ सेल लागतो. संक्रांत झाली की थंडीचा उरलेला माल काढायचा असतो, म्हणून दुसरा लागतो. दिवाळीनंतर आणखी एक. हे तिन्ही सेल मी वर्षानुवर्षं चुकवले नाहीत. अंबडहून जालन्याची सकाळची बस धरायची आणि शटर वर जायच्या आधी दुकानासमोर जाऊन उभं राहायचं. कधी कधी सेल अंबडलाच यायचा. मंगल कार्यालय भाड्याने घेऊन लोक कपड्यांचे ढीग मांडायचे आणि भोंगा लावलेली रिक्षा गल्लीतून फिरायची. माझे यजमान कोर्टात कारकून. रिक्षा ऐकली की ते पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचे, "जा, तुला माहेरचं बोलावणं आलं."

त्या ढिगांचं एक शास्त्र असतं आणि ते मला येत होतं. वरचा कपडा घ्यायचा नाही, तो शंभर जणींनी बघून टाकलेला असतो. खालून हात घालायचा. शिवण उलटी करून बघायची, चेन दोनदा वरखाली करायची. आवडलेला नग हातात धरायचा नाही, काखोटीला मारायचा, नाहीतर दुसरी बाई सरळ ओढून नेते. एकदा एका ड्रेसची कमीज माझ्या हाती आली आणि सलवार दुसऱ्या बाईच्या. मी सोडेना, तीही सोडेना. अर्ध्या तासाने दोघीही आपापला तुकडा टाकून निघून गेलो. एकदा निम्म्या भावात आणलेले बूट घरी येऊन बघते तर दोन्ही डाव्या पायाचे. पहिल्या धुण्यात रंग गेलेल्या साड्या तर किती. पण मनासारखी वस्तू मनासारख्या भावात मिळाली की बसमध्ये पिशवी मांडीवर घेऊन बसताना जे सुख व्हायचं ते मला दुसऱ्या कशात मिळालेलं नाही. हे खरं आहे, म्हणून सांगते.

पण हे सगळं मी माझ्या हुशारीचं कौतुक करायला लिहीत नाही. या हुशारीपायी माझ्या मुलीच्या वाढीची अडीच वर्षं वाया गेली.

लहान मुलांचे सेलमधले कपडे त्या वर्षासाठी नसतात. स्वेटर स्वस्त होतो तो थंडी सरताना, म्हणजे तो घालायचा पुढच्या हिवाळ्यात. तोवर पोर वाढणार. म्हणून माप बघून घ्यायचं नाही, दोन नंबर मोठा घ्यायचा. दुकानात प्रत्येक आईच्या तोंडी एकच वाक्य असतं, "जरा वाढत्या अंगाचं दाखवा." मीही तेच म्हणायची. माझी मुलगी तिसरीत असताना मी मंगल कार्यालयातल्या सेलमधून तिला एक लाल लोकरी स्वेटर घेतला, चांगला जाड, घट्ट विणीचा. बाह्या दोनदा दुमडाव्या लागल्या. चौथीच्या हिवाळ्यात एक दुमड सोडली. मला वाटलं, बरोबर अंदाज काढला आपण.

पाचवीतही तो तिला बसला. सहावीतही बसला, एका दुमडीसकट. मी खूश. शेजारणीला दाखवायची, "तीन वर्षं झाली बघा, अजून पोरीला होतो. याला म्हणतात माल." शाळेचे फ्रॉक, चपला, सगळंच पुरत होतं. दर जूनमध्ये ज्या खरेदीला लोकांच्या नाकी नऊ यायचे, ती मला करावीच लागत नव्हती. मी देवाचे आभार मानले आहेत त्याबद्दल.

तिला थंडी फार वाजायची. आमच्याकडे फेब्रुवारी संपता संपता उन्हं तापायला लागतात, तरी ती स्वेटर काढायची नाही. मला वाटायचं, आवडता आहे. शाळेतून आली की दप्तर टाकून झोपायची. जेवायला उठवलं तर डोळे उघडायची नाही. मी तिला आळशी म्हटलं, म्हैस म्हटलं, एकदा पाठीत धपाटाही घातला. एके दिवशी ती सांगत आली, "मम्मी, बाईंनी मला प्रार्थनेच्या रांगेत सगळ्यात पुढं उभं केलं." मला वाटलं, हुशार आहे म्हणून केलं असेल. रांग उंचीने लावतात हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी स्वतः शाळेत जन्मभर मागे उभी राहिलेली बाई. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

माझी थोरली जाऊ शहागडजवळच्या गावात राहते. तिची मुलगी माझ्या मुलीपेक्षा दीड वर्षाने लहान. दर दिवाळीला ती मंडळी आमच्याकडे यायची आणि जाताना मी माझ्या मुलीला आखूड झालेल्या कपड्यांचं गाठोडं जावेला द्यायची. थोरल्या मुलीचं धाकटीने घालायचं, यात कुणाला काही वाटत नाही. पण दोन दिवाळ्या माझ्याकडे द्यायला काही निघालं नव्हतं. तेही मी जावेला तोऱ्यात सांगितलं होतं, "अजून तिलाच होतंय सगळं."

सहावीच्या दिवाळीत जाऊबाई आली ती स्वतःच एक पिशवी घेऊन. दोघी मुली अंगणात रांगोळी काढत होत्या. जाऊबाईने पिशवी माझ्यापुढे सरकवली आणि आवाज उतरवून म्हणाली, "ह्ये आमचीला आखूड होऊन राह्यलं. दोन-चारदाच घातल्यालं हाय. तुझ्या पोरीला बराबर होईल."

मला काही क्षण कळलंच नाही. कळलं तेव्हा अंगाचा भडका उडाला.

"आमच्यात कपड्यांची कमी न्हाई, अक्का," मी म्हणाले. "अन् धाकटीचं थोरलीनं घालायची ही रीत कुठली?"

"रीत नसंल," ती म्हणाली. "पण पोरगी वाढंना गेली, तुला दिसंना का? बाहीर बघ जरा. दोघी शेजारी हाईत. एखाद्या डाक्टरला दाखव जल्दी."

मी बाहेर बघितलं नाही. म्हणाले, "ज्याची त्याची हाडं. आमच्या माहेरात समदे बुटकेच." हे तर धडधडीत खोटं होतं, माझे दोन्ही भाऊ दारात वाकून शिरतात. जाऊबाई पिशवी तशीच दारामागे ठेवून दुसऱ्या दिवशी गेली. त्यानंतर मी तिच्याशी फोनवरही बोलले नाही.

ती पिशवी मी बोहारणीला दिली. कपडे जवळजवळ नवे होते, त्यामुळे घासाघीस करून त्यावर एक झाकणाचा स्टीलचा डबा पटकावला. डबा घेताना आनंद झाला होता, हे मी लपवत नाही. माणसाची खोड कुठवर जाते ते सांगते आहे.

संक्रांतीनंतर मंगल कार्यालयात पुन्हा सेल लागला. मी मुलीला बरोबर घेऊन गेले. तो स्वेटर आता कोपरावर विरला होता आणि तिला नवा घ्यायचं मी कबूल केलं होतं. स्वेटरच्या टेबलामागे मिशीवाला एक पोक्त माणूस होता. मी नेहमीचं म्हणाले, "हिला बारावं लागलंय. वाढत्या अंगाचं दाखवा."

त्याने मुलीला जवळ बोलावलं, मानेमागे बोट घालून स्वेटरची पट्टी वाचली आणि म्हणाला, "बाई, ह्यो तर बराबर हाय की. ह्योच नंबर देऊ?"

"तो जुना आहे. तीन वर्षांखाली घेतलेला."

"मंग तीन वर्षांत पोरगी वाढलीच न्हाई काय?"

तो काही टोमणा मारत नव्हता. सहज बोलला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळलासुद्धा. माझी नजर मुलीच्या मनगटावर गेली. बाहीची ती एक दुमड तशीच होती. धुवून धुवून तिथे पांढरट रेघ पडली होती. तीन हिवाळे ती दुमड मी रोज सकाळी माझ्या हाताने सारखी केली होती. आजूबाजूला बायका ढीग उपसत होत्या, भोंगा ओरडत होता. मुलगी माझ्या तोंडाकडे बघत उभी होती, कोणता रंग घ्यायचा ते मी सांगेन म्हणून. त्या दिवशी सेलमधून मी पहिल्यांदा रिकाम्या हाताने घरी आले.

चार दिवसांनी आम्ही जालन्याला मुलांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तिची उंची मोजली, वजन केलं, गळा चाचपला. मग आम्हा दोघांना विचारलं, "गेल्या दोन-तीन वर्षांत हिचे कपडे आखूड झाले का? चपलेचा नंबर बदलला का?"

यजमानांनी माझ्याकडे बघितलं. घरात कोणाचा कोणता नंबर, हे फक्त मला ठाऊक.

"नाही," मी म्हणाले.

"मग तुम्हाला काही वेगळं वाटलं नाही?"

"मला वाटलं, स्वेटर चांगला निघाला."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी खाली मान घालून कागदावर काहीतरी लिहिलं. यजमान खिडकीबाहेर बघत राहिले. घरी आल्यावरही ते मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

रक्त तपासलं, हाताचा एक्स-रे काढला. तिची गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी काम करेनाशी झाली होती. थंडी वाजणं, झोप, सुस्ती, सगळं त्यातलंच. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरून सांगितलं की मुलगी साडेअकराची आहे पण हाडं नऊ वर्षांची आहेत. औषधाने ती आता वाढेल, पण गेलेली वर्षं पुरती भरून निघतील असं सांगता येत नाही. दोन वर्षं आधी आणली असती तर गोष्ट वेगळी होती. औषध म्हणजे एक छोटीशी गोळी, रोज सकाळी उपाशीपोटी. औषधाच्या दुकानात मी बाटलीची किंमत विचारली. इतकी स्वस्त वस्तू मला कुठल्या सेलमध्ये मिळाली नव्हती.

गोळीने पोरगी बदलली. महिन्याभरात संध्याकाळची जागी राहायला लागली, भांडायला लागली, स्वेटर खुंटीला गेला. आणि ती वाढली. पुढच्या जूनमध्ये तिचा शाळेचा फ्रॉक आखूड झाला तेव्हा मी तो हातात घेऊन रडले. नवा घेतला तो पूर्ण किमतीला, दुकानदाराशी एक शब्दही न बोलता. पण मग तिचं अंग भरायला लागलं, वयात आली, आणि वाढ थांबली. चार फूट आठ इंच. जाऊबाईची मुलगी पाच फूट तीन इंच आहे.

जाऊबाईकडे मी त्याच उन्हाळ्यात गेले होते. ती भुईमुगाच्या शेंगा निवडत बसली होती. मी शेजारी बसून शेंगा निवडायला लागले आणि म्हणाले, "तुमचं खरं होतं, अक्का. मी ऐकलं न्हाई."

"खरं-खोटं कशाला करून राह्यली," ती म्हणाली. "गोळी देती ना रोज? मंग बास." पिशवीचं काय झालं ते तिने विचारलं नाही आणि मला सांगायचं धाडस झालं नाही. तो डबा मी पुढे कोणाच्या तरी लग्नात आहेर म्हणून देऊन टाकला.

मुलगी पंधरा वर्षांची असताना तिने एकदा भाकरी खाता खाता विचारलं, "मम्मी, तेव्हा कुणालाच कळलं नाही का गं?" मी म्हणाले, "नाही बाळा, कळण्यासारखं नव्हतंच ते." तिने मान हलवली आणि ताक मागितलं. एवढं खोटं मी कुठल्या दुकानदाराशीही बोलले नाही.

आता ती जालन्यात बियाण्यांच्या एका कंपनीत नोकरी करते. रोज बसने जाते-येते. वरच्या दांडीला हात पुरत नाही, म्हणून सीटचा कठडा धरून उभी राहते. तिला बघायला येणारी माणसं पोहे खाऊन जातात आणि नंतर कळवतो म्हणतात. कळवत नाहीत. ती त्यावरही नकला करून दाखवते, आणि यजमान हसता हसता उठून आत जातात.

यंदाच्या आषाढात पहिल्या रविवारी ती म्हणाली, "चल मम्मी, सेल लागलाय. तू किती वर्षांत गेली नाहीस." मी नाही नाही म्हटलं, पण तिने ऐकलं नाही. जालन्यात आता चार मजल्यांची दुकानं झाली आहेत, ढीग गेले, हँगर आले. मी बायकांच्या मजल्यावर तिच्यासाठी कुर्ते काढत बसले. सगळ्यात लहान माप काढलं तरी ते तिच्या गुडघ्याच्या खाली जाणार हे दिसत होतं. ती कुठे दिसेना. थोड्या वेळाने वरच्या मजल्यावरून उतरली. हातात फुलाफुलांचा एक टॉप होता, तेरा-चौदा वर्षांच्या मुलींच्या विभागातला.

तिने तो खांद्यांना लावून दाखवला. छान दिसत होता, तिला तो रंग खुलतो. मग किमतीची चिठ्ठी माझ्या डोळ्यांसमोर धरून ती म्हणाली, "हाच इथे बायकांच्यात दुप्पट किमतीला आहे. मला काय मम्मी, बाराही महिने सेल."

तिने ते मला हसवायला म्हटलं होतं. म्हणून मी हसले.