झाकण तिरकं आहे, भाऊ

डासांच्या आया पिलांना कुणाची भीती घालत असतील, तर ती आमच्या समोरच्या खालांचीच. केडगावच्या आमच्या गल्लीत नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून आम्ही ते पिंपात, हंड्यात, मिळेल त्या भांड्यात साठवतो, आणि खाला त्यात डासांच्या अळ्या शोधतात. आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करून पालथी घालायची, याला आरोग्यखात्याचे लोक कोरडा दिवस म्हणतात. खालांना तो ईदेइतकाच प्रिय. शनिशिंगणापूरला घरांना दारंच नाहीत. आमच्याकडे दारं आहेत, कड्या आहेत, तरी खाला बॅटरी घेऊन थेट न्हाणीघरापर्यंत पोचतात. एकदा मी दाढी करत होतो. "तुमी चालू द्या, भाऊ," म्हणाल्या आणि माझ्या मगात बॅटरी मारून गेल्या. अळ्या खाणाऱ्या गप्पी माशांवर त्यांचा भारी जीव. वास्तुशांत असो की साखरपुडा, खालांचा आहेर एकच, बरणीत चार गप्पी. आमच्या लग्नाच्या वाढदिवसालाही तोच आला. वर, "तुमच्यापरीस बरे हायती. भांडत न्हाईत."

गेल्या पावसाळ्यात मागच्या गल्लीत डेंगू निघाला. नेमकी खालांची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती. ताप आटोक्यात आल्याशिवाय पाठवणार नाही, असं मिरजगावहून जावयानं कळवलं. मग घरोघरच्या पिंपांत सोडायला म्हणून अंगणातल्या टाकीत खालांनी गप्पींची फौज वाढवायला घेतली. आणि नेमका तेव्हाच मला समाजसेवेचा झटका आला. कोरड्या दिवशी खाला दुकानात गेलेल्या. मी त्यांच्या टाकीत डोकावलो, तर पाण्यात बारीक काहीतरी वळवळत होतं. चष्मा घरी राहिला होता. खालांच्याच घरी अळ्या, या आनंदात मी ती टाकी गटारीत पालथी केली, आणि त्या आल्यावर अभिमानानं सांगितलंसुद्धा.

खाला गटारीकडे बघत राहिल्या. "भाऊ, गटारीतल्या डासांचं आता काय खरं न्हाई," एवढंच म्हणाल्या. पण आवाज ओला होता.

"यापुढं चष्मा लावून समाजसेवा करत जा," असं मला सुनावून आमची बायको घरात गेली आणि वाढदिवसाच्या माशांचा वाढलेला गोतावळा बरणीतून घेऊन आली. तिचं बघून शेजारीण आली, मग पलीकडचे. "आहेर परत घ्या, खाला," असं म्हणत एकेक जण बरण्या ओतत गेला, आणि संध्याकाळी टाकी पहिल्यापेक्षा जास्त भरली. तिथून मासे पिंपापिंपांत गेले. ताप आमच्या गल्लीत शिरलाच नाही. जावई स्वतः आला, सासूची बॅटरी घेऊन घरोघर पिंपं तपासून गेला, आणि मगच लेकीला आणून सोडलं. नात झाली. तिच्या बारशाचा पहिला पेढा खालांनी मला दिला, चष्मा लावायला सांगून.

आता लेक आणि नात मिरजगावला परत गेल्यात. कोरड्या दिवशी खाला आपल्या ओट्यावरच बसून असतात. "समदे शिकले आता. मी कशाला येऊ?" म्हणतात. म्हणून मी आमच्या दारातल्या पिंपाचं झाकण जरा तिरकं ठेवतो. आत गप्पी आहेत, अळीची भीती नाही. पण समोरून ते खालांना दिसतं, आणि मग त्यांना बसवत नाही. "झाकण तिरकं हाय, भाऊ," म्हणत त्या बॅटरी घेऊन येतात, झाकण सरळ करतात, आणि चहा निवून जाईपर्यंत नातीच्या गोष्टी सांगत बसतात.