आधी चार्जर

पन्नास सालानंतरची गोष्ट. आमचा घोडेस्वारांचा ट्रूप बारामतीहून इंदापूरकडे निघाला होता. मी सवार, म्हणजे घोडदळातला साधा शिपाई, आणि माझा जोडीदार, माझ्याहून वरच्या हुद्द्याचा लान्स दफेदार नामदेव, पिंपळीचा.

गावाकडे आम्हा दोघांना एकच शब्द ठाऊक होता, घोडं. फार तर ओझ्याचं ते तट्टू. रिसाल्यात आल्यावर कळलं, जवानाचा तो ट्रूप हॉर्स, नवा भरती झालेला तो रिमाउंट आणि साहेबाचा तो चार्जर. चार्जरला ओरखडा आला तर आमची धडगत नसे. पण नियम सगळ्यांना सारखाच होता: आधी घोड्याचं पाणी, मग माणसाचं. नामदेव तो इतका पाळायचा की मला चीड यायची. "साहेबाच्या घोड्याशी लग्न लावलंस काय?" मी म्हणायचो. तो नुसता हसायचा.

लासुर्ण्याच्या पुढे नीरेकाठी मुक्काम पडला. दुपारी नामदेव चार्जरला पाण्यावर घेऊन गेला. मी मागे होतो. काठ वरून वाळलेला दिसत होता, खाली गाळ होता. चार्जर पोटापर्यंत रुतला, लगाम धरलेला नामदेव कमरेपर्यंत. वरच्या धरणातून पाणी सोडलं असावं, पात्र भरत चाललं होतं. मी धावलो आणि मीही मांड्यांपर्यंत गेलो. पुढे सरकता येईना, मागे फिरता येईना.

उसातून एक म्हातारे शेतकरी बैल आणि मोटेचा नाडा, तो जाड लांब दोर, घेऊन आले. नाडा एकच. तो त्यांनी नामदेवकडे फेकला.

"घोडं सोडा! नाडा कमरंला बांधा!"

"घोडं न्हाय तात्या, चार्जर हाय. आदी ह्यो."

"नाम्या, स्वतःला बांध!" मी ओरडलो.

त्याने नाडा चार्जरच्या छातीला आवळला. बैलांनी ओढलं. चार्जर धडपडत काठावर आला. तात्यांनी नाडा सोडवून परत फेकला. तोवर नामदेवच्या डोक्यावरून पाणी गेलं होतं; नाडा नुसत्या पाण्यावर पडला. धरायला हात वर आला नाही. त्याच नाड्याने त्यांनी मला बाहेर काढलं.

नामदेवचा देह पिंपळीला नेला. मागून रिकाम्या खोगिराने चार्जर चालत होता. नामदेवच्या वडिलांनी चार्जरच्या मानेवर हात ठेवला.

"ह्येच घोडं का?"

"व्हय, आबा."

"पानी पाजलंत का त्येला?"

मला रडू आवरेना. बादली आबांनी स्वतः भरून आणली. त्यानंतर मी त्याला कधी चार्जर म्हटलं नाही. ते नामदेवचं घोडं.