बरणीतला दिवा

जुन्या डिपार्टमेंटमधले आम्ही दोघं-तिघं सावेडीत कुणाच्या घरी जमलो, की चहाच्या आधी भालेराव सर येतात. म्हणजे त्यांचे किस्से येतात. सर जाऊन बरीच वर्षं झाली, किस्से मात्र दर भेटीला एकाने वाढतातच.

सर नगरच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचे, मी त्यांचा डेमॉन्स्ट्रेटर. चंद्रावर जाणाऱ्या यानात हायड्रोजन-ऑक्सिजनच्या मिलाफातून वीज काढतात, वर प्यायला पाणीही मिळतं, हे वाचल्यापासून सरांना एकच ध्यास लागला. रिटायर होण्याआधी काचेच्या बरण्यांत असा फ्युएल सेल करायचा आणि त्यावर टॉर्चचा बल्ब लावायचा!

*

परदेशी जर्नल बोटीने यायचं. त्यात प्लॅटिनमचं कौतुक वाचून आम्ही प्लॅटिनम शोधायला लागलो, तर पुढच्या अंकात निकेल. निकेलची जाळी मिळवली, तोवर तिकडे प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्यावर काम सुरू झालेलं.

सर म्हणाले, "वरात पुढे गेली रे. आपण अजून फेटाच बांधतोय."

*

प्लॅटिनम शेवटी आमच्याच लॅबमध्ये सापडलं. प्रॅक्टिकलला मुलं ज्योतीत क्षार धरायची, ती तार प्लॅटिनमची. इतर सर तार मोडली की ओरडायचे. आमचे सर तुकडा मागून घ्यायचे आणि तपकिरीच्या डबीत जपून ठेवायचे. ते विरघळवून जाळीवर चढवायचा त्यांचा बेत होता.

एका पोराने विचारलं, "सर, अजून एक मोडू?"

सरांनी दाराकडे पाहिलं. "आज नको. प्रिन्सिपॉल आलेत."

*

मग बहात्तरचा दुष्काळ आला. सरांची बरणी पाणी बनवते, ही बातमी पारनेरपर्यंत गेली. एका विद्यार्थ्याचे वडील मुद्दाम बघायला आले.

"ह्यातून पानी निघतं व्हय?"

"निघतं. थेंब थेंब."

"आन् आत काय घालता?"

"गॅस करायला ॲसिड, जस्त... आणि पाणी."

म्हातारा हसला. "मंग आमची कोरडी हीर बरी. ती काय मागत तरी न्हाई."

*

त्या उन्हाळ्यात नळाला पाणी आलं की हातातलं टाकून सगळ्यांनी बादल्या घेऊन धावायचं, असा डिपार्टमेंटचा रिवाज होता. एका दुपारी दोन्ही बरण्या जोडल्या, गॅस सोडला, सर बल्बकडे टक लावून बसले. तेवढ्यात अंगणातून हाक आली, "पाणी आलं!" सवयीने सगळे धावले. सरसुद्धा.

परत आलो तेव्हा गॅस संपला होता. खोलीत फक्त झाडूवाल्या रखमाबाई होत्या.

"सर, दिवा लागला हुता की."

"केवढा?"

"बारीक. काजव्यायेवढा."

पुढे कितीदा जोडलं, बल्ब काही लागला नाही. सर अधूनमधून रखमाबाईंना विचारायचे, "केवढा होता हो?" कधी तो पणतीएवढा असायचा, कधी समईएवढा. मला त्या खोलीची फार आठवण येते, ती या प्रश्नासाठीच.

निरोप समारंभ झाला. हार-नारळ घेऊन सर शेवटचे लॅबमध्ये आले. रखमाबाई बरण्या पुसत होत्या.

"रखमाबाई, केवढा होता हो दिवा?"

त्यांनी हातातलं फडकं खाली ठेवलं.

"समद्या खोलीत उजेड पडला हुता, सर."

सर म्हणाले, "मला वाटलंच."