बेचाळीस किलोची उडी

चार रविवार मी त्या टेकडीवरून नुसती पळत खाली येत होते. अंगाला पट्टे आवळलेले, डोक्याला हेल्मेट, मागे लांबलचक कापड फरफटतंय, आणि पाय मात्र जमिनीवरच. नागापूरच्या ज्या कारखान्यात मी ड्रॉइंगं ट्रेस करायची, तिथलेच दोघे माझ्याबरोबर पॅराग्लायडिंग शिकत होते. दोघेही उडून मोकळे झाले होते. सोमवारी चहाच्या सुट्टीत हात पसरून त्यांची वर्णनं सुरू झाली की मी त्यांच्याकडे इतक्या रागाने बघत बसायची, की हातातलं बिस्किट विरघळून कपात पडायचं.

शिकवणारे होते एक निवृत्त सुभेदार. हा उद्योग ते फौजेत शिकले होते आणि त्यांच्याकडे स्वतःचं एक जुनं, ठिगळ लावलेलं पॅराग्लायडर होतं. त्या आठवड्यात ते नगरमधलं बिऱ्हाड हलवून साताऱ्याकडच्या आपल्या गावी निघाले होते. ग्लायडरही त्यांच्याबरोबर जाणार. म्हणजे हा पाचवा रविवार शेवटचा. आज उडाले नाही, तर मी जन्मभर ‘ती पळणारी’ म्हणूनच राहणार होते.

माझी अडचण वजनाची. बेचाळीस किलो, त्यातही पाच किलो नुसती जीभ, असं आई म्हणायची. वारा जास्त असला की कापड मला मागे ओढून आपटायचं, आणि कमी असला की ते डोक्यावर येईपर्यंत माझाच दम संपायचा. सुभेदार म्हणायचे, “बेटा, तू शेवटच्या चार पावलांत कच खातेस.” मी म्हणायची, “नाही खात.” खात होते.

त्या रविवारी सकाळची पहिली खेप वाया घालवून मी धापा टाकत टेकडी चढले, तर वर आप्पा उभे. माझे वडील! देवळाली प्रवराहून पहिल्या एसटीने आले होते. गावातला कुणीतरी नागापूरला कामाला होता, त्याने घरी जाऊन कळ लावली होती, की तुमची लेक कड्यावरून उड्या मारते.

आप्पांनी टेकडी वरपासून खालपर्यंत न्याहाळली.

“ह्यो कडा व्हय?” ते म्हणाले. “ह्याच्यापरीस आपला उकिरडा उंच हाय.”

माझी फजिती झाली, पण त्यांचा जीव भांड्यात पडलेला दिसत होता. तेवढ्या जोरावर मी म्हटलं, “आप्पा, आज शेवटचा दिवस आहे. एकदाच.” ते शेजारच्या दगडावर टेकले. मी ते होकारात धरलं आणि कापड पसरायला लागले.

तेवढ्यात वाऱ्याचा एक झोत आला. कापडाचं एक टोक फडफडलं, फुगलं आणि वर उठलं. माझ्या डोळ्यांसमोर आप्पांनी धाव घेतली आणि “धरा, धरा!” ओरडत त्याच्यावर पालथी उडी घेतली. शेजारी शेरडं राखणारे दोन म्हातारे होते. तेही काठ्या टाकून धावले आणि आपापलं टोक अंगाखाली दाबून पडले.

यात त्यांची काही चूक नव्हती. आप्पा साखर कारखान्याच्या गोदामावर कामाला. पोती उघड्यावर असली की वर ताडपत्री, आणि वावटळीत ताडपत्री उठली की हातातलं काम टाकून तिच्यावर पडायचं, ही त्यांची वीस वर्षांची सवय. म्हाताऱ्यांच्या घरी कांदा, त्यावरही ताडपत्रीच. त्यांनाही उडत्या ताडपत्रीचं दुसरं काही करतात हे ठाऊक नव्हतं. सुभेदार कमरेवर हात ठेवून म्हणाले, “एवढा शिस्तीतला हल्ला मी फौजेतसुद्धा पाहिला नाही.”

मला मात्र हसू येईना. सकाळचा वारा हातचा निघून चालला होता.

“आप्पा, उठा की!” मी ओरडले. चिडले की माझी भाषा थेट घरी जाते. “ते उडायसाठीच हाय!”

आप्पांनी पडल्या पडल्या मान वर केली. “आन तू?”

“मीबी.”

आप्पा उठले. सदऱ्यावरची माती झटकली. बराच वेळ झटकली. मग म्हणाले, “मंग धरनार म्या. दुसऱ्या कुनी धरायचं न्हाई.”

सुभेदार मोठे धूर्त. वारा आता मंदावला होता आणि कापडाची पुढची कड उचलून धरायला माणूस लागतच होता. त्यांनी ती कड आप्पांच्या हातात दिली आणि तीन तीनदा बजावलं, “मी सोडा म्हटलं की सोडायचं.”

“सोडा!” ते म्हणाले. मी पळाले. आप्पांनी सोडलं नाही. मी दाणकन बुडावर बसले.

“सुटंना हो हातातनं,” आप्पा ओशाळून म्हणाले.

परत मांडामांड झाली. “सोडा!” मी पळाले आणि परत मागून तीच ओढ लागली. मग मला असा राग आला म्हणता! वाऱ्याचा, आप्पांचा, बिस्किटाचा, त्या चार पावलांचा, सगळ्याचा एकदम. मी दात ओठ खाऊन, वाकून, बैलासारखा जोर लावला. मागे काहीतरी सटकन सुटलं. सुभेदार शेजारून पळत ओरडत होते, “थांबू नको, थांबू नको!” मी कशाला थांबतेय! पळतेय, पळतेय, आणि एकाएकी लक्षात आलं की पाय पळताहेत पण त्यांना काही लागत नाहीये.

मी वर होते! खाली शेरडं होती, सगळी पाठमोरी. खाली बाभळीचा शेंडा होता. आजवर मी बाभळीचा शेंडा वरून पाहिलाच नव्हता. पोटात गुदगुल्या व्हायला लागल्या आणि मी हसत सुटले. शेरडांना हाका मारल्या, बाभळीला हाक मारली, पायांना म्हटलं, बास आता, थांबा. ते थांबेनात. किती वेळ उडाले असेन? सुभेदार म्हणाले, अर्धं मिनिटसुद्धा नाही. म्हणू देत. हसण्याच्या नादात उतरताना हातातल्या दोऱ्या ओढायच्या विसरले आणि नांगरटीत तोंडावर घसरत गेले. तोंडभर माती घेऊनही हसतच होते.

आप्पा धावत टेकडी उतरले. मला उभं केलं, हात हलवून पाहिले, पाय हलवून पाहिले. माझे डोळे भरून आले. मी म्हटलं, “आप्पा, तुम्ही सोडलंत म्हणून झालं.”

“छ्या!” आप्पा म्हणाले. दोन्ही तळवे त्यांनी माझ्यापुढे धरले. लालभडक झाले होते. “म्या कुठं सोडलं? तूच हिसकून नेलंस.”

एवढं बोलून ते तिथंच ढेकळांत बसले आणि माझ्याहून जोरात हसायला लागले.