कावेरी निजलीय

आम्ही जुनी गडीमंडळी भेटलो, की पास्कूबाबांच्या मळ्याचे किस्से निघतातच. एक संपला की दुसरा! आणि गंमत म्हणजे सांगता सांगता सगळ्यांचे आवाज आपोआप खाली जातात. जुनी सवय!

मळा खडवलीला, नदीच्या वरच्या अंगाला. पास्कूबाबा मूळ ठाण्याचे ख्रिस्ती. त्यांच्या वडिलांनी एका आजारी फ्रेंच खलाशाची सेवा केली होती. त्यानं जाताना काळ्या द्राक्षाच्या काड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून दिल्या. नाव सांगितलं कॅबर्ने. आमच्या जिभेवर ते बसेना, म्हणून आम्ही म्हणायचो कावेरी. वाइन अगदी थोडी व्हायची, आणि मुंबईचे साहेबलोक त्या बाटल्या जमवायला जीव टाकायचे. मी तिथं बाटल्यांना बुचं मारायचो.

वाइनची पिंपं तळघरात मुरत पडलेली असायची, आणि तिथं कायदा एकच. मोठ्यानं बोलायचं नाही. "हळू! कावेरी निजलीय," पास्कूबाबा म्हणायचे. झोपमोड झाली की ती चिडते आणि आंबते, असं त्यांचं ठाम मत. आम्ही हसायचो, पण तेही दबक्या आवाजात!

*

गोपाळ आणि भिमा, नवरा-बायको, दोघं मळ्यात कामाला. एकदा कडाकडा भांडत तळघरात उतरले. पायरी आली, आवाज खाली.

"तुमच्या तोंडी लागण्यात अर्थ नाही," भिमा कुजबुजली.

"काय म्हणालीस?" गोपाळनं कान पुढं केला.

"ऐकू नाही आलं?"

"नाही गं."

"मग राहू दे!"

वर आले ते हसतच. त्यानंतर कुणाच्या घरी वाजलं, की पास्कूबाबा सरळ तळघराची किल्ली द्यायचे.

*

एकदा एक साहेब आला. थोरल्या पिंपामागं पहिल्या हंगामाची एकच बाटली जपून ठेवलेली. साहेबाला हवी होती तीच!

पास्कूबाबा म्हणाले, "ती माझ्या रोझीनच्या लग्नात फुटायची."

रोझीन त्यांची एकुलती लेक, तिथंच उभी होती. साहेबानं टोपी काढून अदबीनं विचारलं, "लग्न कधी?"

"बाटली अजून तयार नाही, साहेब."

"आणि मुलगी?"

"ती पण नाही!"

*

खरं सांगू? तयार नव्हते ते पास्कूबाबाच. बायको गेलेली, घरात ही एकटी. ठाण्याचा आंतोन दर हंगामात पिंपं दुरुस्त करायला यायचा आणि तिला मागणी घालायचा. "पुढल्या हंगामात बघू," पास्कूबाबा कुजबुजायचे. आणि तो बावळट कुजबुजतच "बरं" म्हणायचा! अस्सा राग यायचा मला!

दुपारी रोझीन वेलींखाली बसून असायची. लांबून आगगाडीची शिटी यायची, पानांची सावली तिच्या तोंडावर हलायची. सगळा मळाच पेंगतोय असं वाटायचं. फार वाईट वाटायचं तिच्याकडं बघून.

*

मग एका हंगामात, आम्ही सगळे तळघरात कामात असताना, आंतोन म्हणाला, "बाबा, मला कराचीला गोदीत काम मिळालंय. आता येणं नाही व्हायचं."

"बरं," पास्कूबाबा कुजबुजले.

आंतोन पायऱ्या चढायला लागला. रोझीन कोपऱ्यात बाटल्या पुसत होती. ती उठली, थोरल्या पिंपामागं गेली, ती बाटली उचलली आणि बेंबीच्या देठापासून ओरडली,

"कावेरी, ऊठ!"

पिंपं घुमली. भिमानं कान झाकले. आंतोन वरच्या पायरीवर तसाच थांबला.

पास्कूबाबांचं बोट सवयीनं ओठांकडं गेलं, पण मध्येच थांबलं. ते लेकीकडं बघत राहिले. मग तळघरात आम्ही कधीच ऐकला नव्हता अशा खणखणीत आवाजात म्हणाले,

"अरे, बघत काय बसलाय? पेले आणा!"