औषधात पाणी न घालणारे कंपौंडरबाबा

कंपौंडरबाबांच्या देखत येशूला कुणी 'थोर' म्हटलं की ते उभे राहत. लग्नाच्या पंगतीत असोत, एस.टी.च्या सीटवर असोत की उपासनेत तिसऱ्या बाकावर, काठी एकदा जमिनीवर आपटायची, घसा खाकरायचा आणि म्हणायचं, "थोर न्हाई. देव." एवढ्यावर थांबले असते तर माझी तक्रार नव्हती. पण ते समोरच्याकडून वदवून घेत. समोरचा बिचारा म्हणे, बरं बाबा, देव. की लगेच यांचा पुढचा प्रश्न, "किती?" त्यावर 'पुरा' हे उत्तर आल्याशिवाय ते खाली बसत नसत. विटा–आटपाडी गाडीच्या कंडक्टरांना हे उत्तर पाठ झालं होतं. तिकीट फाडता फाडताच ते 'पुरा, बाबा, पुरा' म्हणून मोकळे होत.

बाबांची सगळी नोकरी मिशनच्या दवाखान्यात औषधं बनवण्यात गेली. बाटलीला कागदाच्या पट्टीच्या खुणा चिकटवायच्या, खुणेपर्यंतच औषध भरायचं, थेंब इकडे नाही की तिकडे नाही. निवृत्त होऊन ते आमच्या गावात आले आणि मोजमापाची ती सवय घेऊनच आले. त्यांच्या घरी चहा निव्वळ दुधाचा. त्यात पाणी घाला म्हटलं तर मार्थाकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, डोळ्यांनीच गप्प राहायला सांगत. कारण तेवढ्यावरून बाबा सुरू होत, "औषधात पाणी घातलं तर बाटली तीच ऱ्हाती, लेबल तेच ऱ्हातं. फकस्त रोगी मरतो." मग ते चहावरून येशूवर कधी येत ते आपल्याला कळायचंही नाही. अर्धा देव, पाऊण देव, देवासारखा माणूस, हे सगळं त्यांच्या लेखी पाणी घातलेलं औषध.

मी आमच्या मंडळीची, म्हणजे इथल्या चर्चची, चिटणीस. मराठी शिकवते आणि अक्षर बरं आहे, एवढ्या दोन गुन्ह्यांवरून हे पद माझ्या गळ्यात पडलं. पदाबरोबर दफनभूमीच्या वाटेचं कामही आलं. आमची दफनभूमी गावाबाहेर, जालिंदरअण्णांच्या रानापलीकडे. मधे फक्त बांध, एका माणसापुरता. पेटी चौघांच्या खांद्यावर असते, त्यामुळे दोघे या अंगाला पिकातून आणि दोघे त्या अंगाला ढेकळांतून, असं वाकडंतिकडं जावं लागे. मार्थाकाकू गेल्या त्या दिवशी रान ओलं होतं. एकाचा पाय घसरला आणि पेटी बांधावर आदळली. तो आवाज मला अजून ऐकू येतो. बाबा मागून चालत होते. ते वाकून पेटीचं झाकण हाताने चाचपून बघत राहिले. त्या दिवसापासून मी पंचायत समितीच्या पायऱ्या झिजवायला लागले. काहीही होवो, वाट मिळवायचीच.

आणि इथेच बाबा आडवे येत. आमच्या नाताळला दरवर्षी पंचायत समितीचे सभापती पाहुणे म्हणून यायचे. माणूस भला. एका वर्षी त्यांनी आपणहून चौकात फ्लेक्स लावला, 'थोर संत येशू यांना जयंतीनिमित्त विनम्र अभिवादन'. वर येशूचा फोटो लहान, खाली सभापतींचा मोठा. दुसरं कुणी असतं तर हसून सोडून दिलं असतं. बाबांनी सकाळी स्टूल नेलं, खळ नेली आणि 'थोर संत' या दोन शब्दांवर तपकिरी कागद चिकटवून आले. संध्याकाळी सभापती कार्यक्रमाला आले, तेव्हा त्यांच्या मोबाईलवर त्या कागदाचे फोटो आधीच पोचले होते. तरीही ते हसून भाषणाला उठले आणि म्हणाले, जगात अनेक थोर विभूती होऊन गेल्या. तिसऱ्या बाकावर काठी वाजली. मी डोळे मिटून घेतले. त्या वर्षी आमची वाटेची फाईल गठ्ठ्याच्या तळाशी गेली आणि पुढच्या वर्षीही तिथेच राहिली.

बरं, जे येशूला देव म्हणत त्यांच्यावर तरी बाबांनी खूश असावं की नाही? जालिंदरअण्णांनी आमच्या नाताळच्या कॅलेंडरवरचं येशूचं चित्र कापून चौकटीत बसवलं आणि देव्हाऱ्यात खंडोबाच्या टाकाशेजारी ठेवलं. रोज सकाळी त्यालाही फूल. मोठ्या कौतुकाने त्यांनी ते बाबांना दाखवलं. बाबांची काठी तिथेही वाजली.

जालिंदरअण्णा म्हणाले, "आवं बाबा, तुमीच म्हंता देव हाय. मी नेऊन देवात बसिवला. आता का रागावता?"

बाबांनी काठी उचलली. ते घरी गेले, जेवले नाहीत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी जालिंदरअण्णांच्या गोठ्यात हजर झाले. बसवलंस ते चांगलं केलंस, म्हणाले, पण त्याला शेजार चालत नाही. अण्णा म्हशीची धार काढत होते. ते म्हणाले, माझ्या घरात कुणी एकटं ऱ्हात न्हाई, बाबा. यावर दोघांचा वाद जो सुरू झाला तो वर्षानुवर्षं चालला. रोज संध्याकाळी त्याच बांधावर बसून, एकमेकांची तंबाखू खाऊन. मी कपाळाला हात लावायची. ज्याच्या रानातून वाट हवी त्याच्याशीच हा माणूस रोज भांडतो. अण्णांची हरकत नव्हती, पण सातबारावर गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, धंद्यासाठी लांब गेलेल्या त्यांच्या भावाचंही नाव होतं. भाऊ म्हणे, सरकारी ठराव आणा, मग सही करतो. म्हणजे सगळं पुन्हा सभापतींपाशी येऊन थांबलं.

शेवटी मी ठरवलं की यंदा बाबांना आवरायचं. सभापतींच्या माणसाने भाषणाचे मुद्दे मागितले होते. दिवस जपून बोलायचे आहेत, बाई, कुणाला खटकणार नाही असं लिहा, म्हणाला. मी वहीचं पान फाडलं आणि लिहिलं, 'येशू हे थोर मानवतावादी महापुरुष होते'. एकदा खोडलं, पुन्हा लिहिलं. बाबांना मी आधीच सांगून ठेवलं होतं, या एका वर्षी उठू नका. वर त्यांनाच व्यासपीठावर बोलावून पाहुण्यांना शाल घालायचं काम दिलं. हातात शाल असली की काठी बाकावर राहील, एवढा पुढचा विचार मी केला होता.

बाबांनी शाल घातली. सभापतींनी समोर ठेवलेल्या पानाकडे त्यांचं लक्ष गेलं. मंडळीचा फळा मी दर आठवड्याला लिहिते आणि बाबा तो रोज वाचतात, तेव्हा अक्षर ओळखायला त्यांना क्षणही लागला नाही. ते खाली उतरून तिसऱ्या बाकावर बसले. सभापतींनी माझं वाक्य ठासून वाचलं आणि सवयीने तिकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. बाबा बसूनच राहिले. सभापतींना इतकं बरं वाटलं की वाटेवर मुरूम टाकायचं त्यांनी तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं. टाळ्या पडल्या. मला मात्र बाकाखाली शिरावंसं वाटत होतं.

कार्यक्रम संपल्यावर मी खुर्च्या आवरत होते. बाबा जवळ आले. ते रागावतील अशी माझी तयारी होती.

"रूथ, तुला ठावं असून लिवलंस?"

मी म्हणाले, हो, वाटेसाठी लिहिलं. काकूंची पेटी आदळली ती मी विसरले नाही.

"मीबी न्हाई इसरलो," ते म्हणाले. "थोर माणूस आला तर माझ्यासंगं रडंल. भाषण करंल. लय चांगलं करंल. पर मार्था त्या मातीत हाय, पोरी. तिला भाईर काडायला माणूस पुरत न्हाई."

एवढंच बोलून त्यांनी माझ्या हातातली खुर्ची घेतली आणि ती नीट रांगेत ठेवली. मला वाटत होतं, हा म्हातारा हट्टी आहे, याला तत्त्वाची खाज आहे. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं की मेलेल्या बायकोचं पुन्हा उठणं त्याच्या लेखी त्या एका शब्दावर अवलंबून आहे. मला स्वतःची लाज वाटली. आणि खोटं कशाला सांगू, थोडा रागही आला, की हे त्यांनी इतक्या वर्षांत एकदाही असं सांगितलं नाही, नुसती काठी आपटत बसले.

मुरूम आला. जालिंदरअण्णांच्या हद्दीपर्यंत पडला आणि थांबला. उरलेलं पुढच्या टप्प्यात, असं उत्तर मिळालं. पुढच्या नाताळच्या आधी, ज्वारी पोटऱ्यात असताना, बाबा गेले. सकाळी चहाचा कप हातात होता, तो तसाच भरलेला राहिला. त्यांची पेटी मुरमावरून सरळ गेली आणि अण्णांच्या हद्दीशी येताच पुन्हा वाकडी झाली.

सभापती आले होते. खड्ड्याशी उभे राहून त्यांनी श्रद्धांजली वाहिली. बाबांसारखा निष्ठावंत माणूस होणे नाही, उरलेली वाट येत्या महिन्यात बाबांच्या नावाने पूर्ण करू, असं म्हणाले. मी मनात देवाचे आभार मानत होते. आणि तेवढ्यात ते म्हणाले, येशूसारख्या थोर संताचा हा थोर भक्त होता.

सगळ्यांनी माना वर केल्या. काठी वाजायची सगळ्यांना सवय होती. पेटीकडे बघत मी मनात म्हटलं, बाबा, आता तरी सोडा. आजचा दिवस सोडा. वाट मिळतेय. पण माझंच तोंड उघडलं, आणि आयुष्यभर शुद्ध मराठी शिकवलेल्या माझ्या तोंडून त्यांचेच शब्द बाहेर आले, "थोर न्हाई, साहेब. देव."

माझ्या मागे उभे असलेले जालिंदरअण्णा हळूच म्हणाले, "पुरा."

 सभापती फुलं टाकून निघून गेले. फाईल पुन्हा गठ्ठ्याच्या तळाशी आहे, हे वेगळं सांगायला नको. बाबा गेले तरी माझं काम बिघडवायचे थांबले नाहीत, असं मी घरी आल्यावर चिडून म्हणाले आणि मग स्वयंपाकघरात बसून खूप रडले.

यंदा पेरणी झाल्यावर मी दफनभूमीकडे गेले होते. अण्णांच्या रानात बांधाच्या दोन्ही अंगांना चार-चार हात जमीन न पेरता सोडलेली दिसली. नांगरलेली, सारखी केलेली, मोकळी. ना ठराव, ना सही. अण्णा तिथेच ढेकळं फोडत होते. मी विचारलं, हे काय?

ते म्हणाले, "बाबा म्हनायचं, त्येंचा देव येनार हाय, काकूला न्यायला. मग त्येला वाट नको व्हय?"

बाबा असते तर त्यांनी काठी आपटून तिथल्या तिथे सांगितलं असतं की पुऱ्या देवाला वाट लागत नाही.  मी मात्र पायातल्या चपला काढल्या आणि त्या मोकळ्या जमिनीवरून चालत काकूंच्या आणि बाबांच्या थडग्यापर्यंत गेले.