पहिल्या तुकड्याचा मान

तमाम जनतेस अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं, की दोन भांडखोर घरांत समेट घडवायचा असेल तर त्यांना पिझ्झा खायला नेऊ नये. ही सूचना मी ऐकीव माहितीवर देत नाही. माझ्या शर्टाच्या खिशावर अजून सॉसचा डाग आहे. निदान त्यातला काही भाग सॉसचा आहे.

गोष्ट माझ्या भाचीच्या लग्नाची. ती रत्नागिरीत औषधांच्या दुकानात असते, मुलगा जयगडच्या बंदरात क्रेन चालवतो. दोघं एकाच गावची. ती वरच्या वाडीतली, तो खालच्या वाडीतला. आडनावं वेगळी, कुळं वेगळी, अडचण कसलीच नाही. फक्त शिमग्यात पालखीला पहिला खांदा कोणाचा, यावरून या दोन वाड्यांत इतकी डोकी फुटली आहेत, की गावचा न्हावी भांग पाडण्याआधी खोक चाचपून बघतो. माझे भावोजी एका वाडीचे मानकरी, मुलाचा बाप दुसरीचा. भाचीनं मला बजावलं होतं, "मामा, दोघांनी एका टेबलावर बसून हो म्हटलं तरच लग्न. पळून मी जायची नाय. आणि दुसऱ्याशी करायची पण नाय."

बैठक घ्यायची कुठे? भावोजींच्या घरी घेतली तर मान भावोजींचा, मुलाकडे घेतली तर त्याच्या बापाचा. देवळात घेतली असती तर कोयतेच निघाले असते. तेव्हा मला रत्नागिरीतला, एसटी स्टँडमागचा पिझ्झावाला आठवला. हा गृहस्थ पूर्वी जहाजावर खानसामा होता. समुद्राला कंटाळून उतरला आणि एका गाळ्यात भट्टी मांडून बसला. प्लॅस्टिकची टेबलं, डुगडुगत्या खुर्च्या, स्टीलचे पेले आणि कोलंबी घातलेला पिझ्झा, ज्याचं चीज घरी पोचेपर्यंत दाताला सोडत नाही. माझं गणित असं होतं: पंगतीत पहिलं पान असतं, नारळाला शेंडी असते, पण गोल पिझ्झ्याला ना डोकं ना शेपूट. मानाचा प्रश्न येतोच कुठे?

भाची आणि मुलगा आधीच येऊन बसले होते. मग दोघे बाप आले. समोरासमोर बसले. एकमेकांच्या डोक्यावरून भिंतीकडे बघत राहिले. मग आंब्याच्या मोहोराचा विषय निघाला आणि यंदा तुडतुड्याची कीड फार, यावर चक्क एकमत झालं. भाचीनं टेबलाखाली माझा हात दाबला. तेवढ्यात पिझ्झावाला तापलेला ट्रे घेऊन आला, आणि आमच्या गावात ज्या प्रश्नानं पंगती उठल्या आहेत, तो प्रश्न त्यानं हसत हसत विचारला.

"आधी कोणाला वाढू?"

"पाहुण्यांना द्या," मुलाचा बाप भावोजींकडे हात करून म्हणाला. सौजन्यानं म्हणाला, हे मी आजही शपथेवर सांगेन.

"पाहुणा?" भावोजी म्हणाले. "मी पाहुणा, म्हणजे घरधनी तू? रत्नांग्री तुझ्या बापानं वसवली काय?"

"बापावर जाऊ नको."

"का? पालखीला खांदा दिलान होता काय कधी तुझ्या बापानं?"

"माझ्या बापानं पालखीला दिलान. तुझ्या बापानं दारूच्या पिंपाला."

भावोजींनी टेबलावरूनच डोकं हाणलं. समोरच्याच्या नाकाचं हाड कट्कन वाजलं. खेकड्याची नांगी फोडल्यासारखा आवाज आला. मुलाच्या बापानं रक्त पुसलंही नाही. ट्रेमधला अख्खा तुकडा उचलला आणि भावोजींच्या गालावर थापला. उकळतं चीज चिकटलं. ओरबाडून काढलं तेव्हा त्याच्याबरोबर कातडीही आली. मग खुर्च्या उडाल्या. एकीचा पाय भावोजींच्या बरगडीत मोडला. भावोजींनी मिरचीची पूड मूठभर घेऊन मुलाच्या बापाच्या डोळ्यांत फेकली, आणि त्यानं आंधळ्यासारखा तापलेला ट्रे गरगर फिरवायला सुरुवात केली. मी फ्रीजमागे गेलो. मध्यस्थाची जागा सुरक्षित हवी.

मुलगा मात्र मध्ये पडला. ट्रेची कड त्याच्या भुवईवर बसली. तो गुडघ्यांवर आला आणि त्याच्या चेहऱ्याचा अर्धा भाग लाल झाला.

भाचीनं ओढणी काढून जखमेवर दाबली आणि वर न बघता विचारलं, "बाबा, पालखी राहू दे. ह्याच्या तिरडीला पयला खांदा कोणाचा?"

दोघे थांबले. भट्टीशी पिझ्झावाला कणकेचं लाटणं घेऊन उभा होता. "आधी हात कोणी उचलला?" तो म्हणाला. "त्याला ह्या दुकानाची पायरी कायमची बंद."

"मी उचलला," भावोजी छाती काढून म्हणाले.

"खोटा बोलतो," मुलाचा बाप फुटक्या नाकातून म्हणाला. "पयला फटका माझा."

"तुझा? आरशात बघ. नाक कोणाचं फुटलंय पयलं?"

पुन्हा खुर्ची उचलली गेली. भावोजींच्याच हातात होती. ती डोक्यावर धरून त्यांनी लेकीकडे पाहिलं. ती त्यांच्याकडे बघत नव्हती. ओढणीतून रक्त तिच्या मनगटावर उतरत होतं, आणि पोरगा तिला हळूच सांगत होता की दुखत नाही.

आयुष्यात कोणाला सुपारीचा मान न सोडलेल्या माणसानं ती खुर्ची खाली ठेवली, बाहीनं पुसली आणि मुलाच्या बापापुढे सरकवली. मग सोललेल्या गालानं, भट्टीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात भावोजी बोलले:

"पयला फटका आमच्या व्याह्यांचा होता. मान त्यांचा."